आमच्या घरचं मोजमाप पुस्तक

(मंडळाच्या जानेवारीतल्या तिळगूळ मेळाव्यात, पालकांसाठी ठेवलेल्या सत्रात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं आवरतं घेतलं आहे.)



आम्ही म्हणजे आम्ही दोघं. बोलायला एकच उभा आहे, पण जे सांगायचं ते दोघांनी मिळून केलेलं आहे, म्हणून शेवटपर्यंत ‘आम्ही’च म्हणणार. आमच्यातला एक राज्य सरकारच्या रस्ते व इमारती खात्यात, स्थापत्य पदविकेच्या जोरावर लागलेला. दुसरी घरी शिकवण्या घेते. धाकटा मुलगा तेरा वर्षांचा आहे आणि त्याला बौद्धिक दिव्यांगत्व आहे. आपल्या गणपतीत आरतीच्या वेळी झांजा घेऊन सगळ्यांत पुढे उभा असतो, तोच. झांजा तालात वाजतात असा आमचा दावा नाही.

अध्यक्षांनी विषय दिला, ‘विशेष मुलांचं शिक्षण आणि तंत्रज्ञान’. विषय मोठा आहे, आणि आम्ही काही त्यातले तज्ज्ञ नाही. मुलाचा शिक्षणाचा आराखडा आम्ही फोनवर कसा सांभाळला आणि त्यात कुठे कुठे आपटलो, एवढंच सांगणार आहोत.

आधी आराखडा म्हणजे काय ते. वर्गातल्या चाळीस मुलांना एकच पुस्तक चालतं. आमच्या मुलासारख्या मुलाला चालत नाही. त्याला आज काय येतं, वर्षभरात काय यावं, त्यासाठी दर तीन महिन्यांनी कुठवर पोचायचं, कोण शिकवणार, कोणत्या साहित्याने, आणि आलं की नाही हे कसं ठरवणार, हे त्याच्या एकट्यापुरतं लिहून काढायचं. त्याला वैयक्तिक शिक्षण आराखडा म्हणतात. शाळेत सगळे आयईपीच म्हणतात. अमेरिकेत १९७५ साली कायदा झाला आणि अशा प्रत्येक मुलासाठी लेखी आराखडा करणं तिथे बंधनकारक झालं. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या सोळाव्या कलमात, प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याचा सहभाग आणि प्रगती यांवर लक्ष ठेवावं असं म्हटलेलं आहे. लक्ष ठेवायचं तर कुठेतरी लिहायला हवंच.

या बाबतीत आपण हैदराबादकर नशीबवान. बोवेनपल्लीचं मनोविकास नगर आपल्यापैकी बऱ्याच जणांनी बसमधून जाता-येता पाहिलं असेल. बौद्धिक दिव्यांगत्वासाठीची राष्ट्रीय संस्था तिथे १९८४ पासून आहे. पूर्वी एनआयएमएच म्हणायचे, आता एनआयईपीआयडी. तिथे तयार झालेली एक तपासणी यादी देशभरच्या विशेष शाळांत वापरतात, तिला ‘एफएसीपी’ म्हणतात. मद्रासकडची ‘एमडीपीएस’ म्हणून दुसरी एक जुनी यादी आहे. तिच्यात अठरा क्षेत्रं आणि प्रत्येकात वीस, अशी ३६० कामं आहेत. जेवणं, कपडे घालणं, चालणं, आकडे, पैसे, घरातली मदत, सगळं. मुलगा लहान असताना काचीगुड्याहून बस बदलत आम्ही बोवेनपल्लीच्या खेपा घातल्या आणि हे शब्द शिकलो. एफएसीपीतली एक गोष्ट आम्हाला फार पटली. तिथे फक्त ‘येतं’ किंवा ‘येत नाही’ असं लिहून भागत नाही. स्वतः करतो, खूण केली की करतो, सांगितलं की करतो, हात धरला की करतो, की पूर्णपणे दुसऱ्यावर अवलंबून आहे, अशा पायऱ्या आहेत. आणि एक वेगळी नोंद आहे, ‘संधीच मिळालेली नाही’. या शेवटच्या नोंदीकडे पुन्हा येऊ.

आता आमचा पहिला धक्का. मुलगा तेव्हा ज्या शाळेत होता, तिथे आराखडा संगणकावर निघू लागला. छान छापील चार पानं, वर मुलाचा फोटो. घरी आणून आम्ही वाचायला बसलो. इंग्रजीत लिहिलं होतं की ‘ती’ स्वतःची वेणी ओळखेल व रिबन हातात धरेल. आमच्या चिरंजिवांचे केस तेव्हा महिन्यातून एकदा न्हावी मशीन फिरवून कापत असे. कुणा मुलीचा आराखडा उघडायचा, वरचं नाव बदलायचं आणि छापायचा. आम्ही हसलो, मग हसू आलं नाही. पुढच्या पानावर ‘चमच्याने भात खाईल’ असं उद्दिष्ट होतं, आणि तो दोन वर्षांपासून चमच्याने जेवत होता.

शाळेचं नाव सांगण्यात अर्थ नाही. एका शिक्षिकेकडे चौदा मुलं, प्रत्येकाची चार पानं, आणि तारीख उलटली की वरून विचारणा. सरकारी नोकरीत वीस वर्षं काढल्यावर हे आम्हाला कळत नाही असं कसं म्हणू? संगणक आला की कागद लवकर तयार होतो, आणि चुकीचा कागदही तितक्याच लवकर.

इथे आमच्या खात्यातली एक गोष्ट सांगायला हवी. रस्ता केला, गटार बांधलं, भिंत घातली, तर त्याचं मोजमाप एका पुस्तकात लिहावं लागतं. आम्ही त्याला एमबी म्हणतो, मेझरमेंट बुक. त्याचे नियम जुने आणि कडक. मोजमाप जागेवर घ्यायचं, जागेवरच शाईने लिहायचं. खाडाखोड नाही; चुकलं तर आकडा दिसेल अशी एक रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. ऑफिसात बसून आठवून लिहिलेली एमबी काय लायकीची असते हे आमच्या खात्यात सगळ्यांना ठाऊक आहे. मुलाच्या बाबतीत आम्हाला हेच हवं होतं.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. टीचर व्हॉट्सअ‍ॅपवर कामाचे कागद पाठवत आणि आम्ही घरी करून घेत असू. तेव्हा आम्ही पहिल्यांदा गूगल शीट उघडली आणि पहिल्या उत्साहात बेचाळीस उद्दिष्टं घातली. प्रत्येकाला वेगळा रंग, टक्केवारी आपोआप निघेल अशी सूत्रं. बापाने तीन रात्री जागून केलेलं काम. अकरा दिवस भरली. बाराव्या दिवशी मुलाच्या आईने फोन खाली ठेवला आणि विचारलं, “मी त्याला शिकवू, की तुमचं शीट भरू?” या प्रश्नाला उत्तर नव्हतं. शीट तिथेच राहिली.

दुसऱ्या वेळी आम्ही तीनच उद्दिष्टं घेतली, एका तिमाहीत तीनच. आणि शीट थेट भरायची नाही. तिच्या पुढे एक छोटा गूगल फॉर्म ठेवला, तो फोनच्या पहिल्या पडद्यावर. उघडला की चार गोष्टी विचारतो: कोणतं काम, कुठे, किती मदत लागली, कोण लिहितंय. चारही ठिकाणी यादीतून बोटाने निवडायचं. शेराही टाकता येतो, पण सक्ती नाही. तारीख-वेळ आपोआप पडते. सगळं मिळून वीस सेकंदांत होतं, भाजीला फोडणी देतादेताही. नव्या शाळेतल्या मॅडमना आम्ही तोच फॉर्म दिला. त्यांनी दिवसाला एक नोंद करायचं कबूल केलं आणि पाळलंही. आणखी मागितलं असतं तर पहिल्या महिन्यातच बंद पडलं असतं.

उद्दिष्ट कसं लिहायचं तेही शिकावं लागलं. ‘कपडे घालायला शिकेल’ हे उद्दिष्ट नव्हे, ती इच्छा झाली. ‘शाळेच्या शर्टाची वरची तीन बटणं, कुणी न सांगता, पाचपैकी चार वेळा लावेल’ असं लिहिलं की मोजता येतं. आमच्या टेंडरातही ‘चांगल्या प्रतीचं काँक्रीट’ असं लिहून चालत नाही.

आता हीच बटणांची गोष्ट सविस्तर सांगतो, कारण आम्ही जे काही शिकलो ते बहुतेक तिच्यात आहे.

सहा आठवडे झाले. आमच्या घरच्या नोंदी बहुतेक ‘स्वतः’. शाळेच्या नोंदी ‘हात धरून’. आलेख काढला तर घराची रेघ वर आणि शाळेची तळाशी. आम्ही ठरवून टाकलं की शाळेत लक्ष देत नाहीत. एवढंच नाही, मुख्याध्यापकांना द्यायच्या अर्जाचा मसुदाही तयार झाला. सरकारी माणसाला मसुदा लिहायला वेळ लागत नाही. मॅडम शांत होत्या. म्हणाल्या, “भांडण नंतर करू. आधी दोन्हीकडे अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घेऊ. फक्त हात दिसू देत, चेहरा नको.”

शाळेचा व्हिडिओ आला. मुलगा बटण काजापाशी नेतो आणि थांबतो. बटण चिमटीत, हात हवेत. पाच सेकंद, दहा, पंधरा. मग आयाअम्माचा हात येतो आणि बटण आत ढकलतो. त्या बाईंच्या अंगावर आणखी सात मुलं असतात. त्या किती थांबणार?

मग आमचा व्हिडिओ. हात फक्त त्याचे, कोणी शिवत नाही. तिन्ही बटणं लागतात. आम्ही मॅडमकडे बघितलं, बघा म्हणून. त्यांनी फोनचा आवाज वाढवला आणि पुन्हा लावला. बटण काजापाशी येतं, थांबतं. आईचा आवाज: “हं.” बटण आत जातं. दुसरं बटण येतं, थांबतं. “हं.” तिसरं. “हं... शाब्बास.”

आम्ही दोघांनी सहा आठवडे रोज ते ऐकलं होतं आणि एकदाही आमच्या कानांवर पडलं नव्हतं. आमचं ‘हं’ ही मदतच होती. शाळेत त्याला बटण लावता येत नव्हतं असं नाही. तो ‘हं’ची वाट बघत उभा राहत होता.

घरी परत येताना ऑटोत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. तेरा वर्षांत त्याला किती ठिकाणी आम्ही असं ‘हं’ म्हणून उभं केलं असेल, हा हिशोब दोघांच्याही डोक्यात चालू होता. आजही पूर्ण झालेला नाही.

मग यादीत एक नवी पायरी घातली, ‘हुंकार’. शाळेच्या कोणत्याही यादीत हा शब्द नाही, आमच्या घरच्या यादीत आहे. पहिल्या आठवड्यात ‘हं’च्या जागी नुसती मान हलवली. मग मान हलवणं बंद करून शेजारी उभं राहिलो. मग पाठ करून उभं राहिलो. मग दाराआड. दाराआड उभं राहणं सगळ्यांत कठीण. बटण नव्हे, आईचं. मध्ये पावसाळ्यात दहा दिवस तापाने आजारी पडला आणि पुन्हा दोन पायऱ्या खाली आला, तेही शीटवर आहे, रेघ मारून लपवलेलं नाही. साधारण दोन महिन्यांनी शाळेतून एक नोंद आली, ‘स्वतः’, आणि शेऱ्यात मॅडमनी लिहिलं होतं, ‘आयाअम्मा खोलीत नव्हती’.

तंत्रज्ञान म्हणून आमच्याकडे काय होतं? एक फुकटची शीट, एक फॉर्म आणि फोनचा कॅमेरा. त्यातला कॅमेरा मुलाकडे रोखलेला होता, पण दिसलो आम्ही.

आता ती ‘संधीच मिळालेली नाही’ नोंद. सुरुवातीला आम्हाला वाटलं, हिचा उपयोग काय? एकदा तिमाही संपताना मोजलं तर सकाळच्या नोंदींत अर्ध्याहून जास्त तीच होती. कारण शाळेची व्हॅन सात चाळीसला खाली येऊन हॉर्न देते, आणि सात पस्तीसला कुठलीही आई मुलाची बटणं स्वतःच लावते. मुलात दोष नव्हता, शिकवण्यातही नव्हता, वेळापत्रकात होता. आम्ही सराव सकाळचा काढून संध्याकाळी शाळेतून आल्यावर घरचा शर्ट घालताना ठेवला. त्या वेळी कुणाचा हॉर्न नसतो. नोंद कोरी ठेवली असती तर हे कळलंच नसतं. कोरी जागा आणि ‘संधी नाही’ यांत फार फरक आहे.

पैशांचं उद्दिष्ट मात्र आमचं फसलं. दहाची नोट ओळखून किराणा दुकानात देणे, असं होतं. दोन तिमाही घालवल्या. नोट ओळखू लागला, तोवर कोपऱ्यावरच्या दुकानात सगळे क्यूआर कोड दाखवून पैसे देऊ लागले. आता तो दुकानात जातो, काउंटरवरची ती पेटी ‘प्राप्त झाले’ असं हिंदीत बोलली की टाळी वाजवतो आणि निघतो, हातातली नोट परत घेऊन. उद्दिष्ट बदलावं लागेल. कसं लिहायचं ते अजून जमलेलं नाही.

भाषेचं एक सांगायलाच हवं, कारण या सभागृहातल्या प्रत्येक घराचं ते आहे. घरी मराठी, शाळेत तेलुगू आणि इंग्रजी, खाली खेळायला गेला की हैदराबादी हिंदी. जिला बोलायला अडचण नाही अशी थोरली मुलगी हे सगळं सहज पचवते. याला किती भाषा द्यायच्या, यावर नातेवाइकांत बरीच मतं आहेत. आम्ही फॉर्ममध्ये पाचवा रकाना जोडला, ‘कोणत्या भाषेत सांगितलं’. महिन्याभराने बघितलं तर ‘दे’पेक्षा ‘इव्वु’ला त्याचा हात लवकर पुढे येत होता. आम्हाला थोडं लागलंच. मॅडमना विचारलं, तर त्या ‘इव्वु’ म्हणताना नेहमी तळहात पुढे करतात. आम्ही ‘दे’ म्हणताना तळहात पुढे करू लागलो, आणि फरक गेला. भाषेचा दोष नव्हता, खुणेचा अभाव होता.

मुंबईच्या आयआयटीत तयार झालेलं ‘जेलो’ नावाचं एक फुकट अ‍ॅप आहे. चित्रावर बोट ठेवलं की फोन बोलतो, मराठीतही बोलतो. ज्यांची मुलं बोलत नाहीत किंवा कमी बोलतात त्यांनी बघावं. आमच्याकडे मुलगा ते मुख्यतः ‘नको’ म्हणायला वापरतो. त्याचा ‘नको’ आधी रडण्यातून कळायचा, आता फोन म्हणतो. घरात ‘नको’ ऐकायची सवय आम्हाला लागली पाहिजे, हे वेगळं.

कोणी विचारेल, सरकारी अ‍ॅप नाही का? एनसीईआरटीचं ‘प्रशस्त’ आहे. पण ते शाळेतल्या मुलांमधून कुणाला अडचण असू शकते याची पहिली चाळणी करायला आहे, कायद्यातल्या एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांच्या हिशोबाने. यूडीआयडी कार्ड तर प्रत्येकाने काढूनच घ्यावं. पण कार्डावर टक्के असतात; बटण लावताना कुठे थांबतो ते नसतं. आणि आपल्या राज्यात मंडल पातळीवर भविता केंद्रं आहेत. सरकारी शाळेत मूल असेल तर तिथल्या विशेष शिक्षकांना जरूर भेटा.

हल्ली एआयला सांगितलं की तो पाच मिनिटांत आराखडा लिहून देतो. आम्हीही लिहून घेतला. भाषा झकास. पण मिक्सर लागला की आमचा मुलगा कानांवर हात ठेवतो आणि अर्धा तास काहीही करत नाही, म्हणून मिक्सर लावायच्या आधी सराव घ्यायचा, हे त्याला कोण सांगणार? आपण सांगितलं तर लिहील. मग लिहिणारे आपणच झालो.

दोन ठेचा सांगतो आणि थांबतो.

पहिली. जुन्या शाळेतून मुलाला काढलं तेव्हा दीड वर्षाच्या नोंदी गेल्या. त्या शाळेच्या सॉफ्टवेअरमध्ये होत्या, ज्या शिक्षिकेचं लॉगिन होतं त्या नोकरी सोडून गेलेल्या, आणि मुलाचं नाव कमी केल्यावर त्याचं पानही बंद झालेलं. आम्ही अर्ज केला, आठवण करून दिली, पुन्हा केला. नव्या शाळेने साहजिकच पहिल्यापासून तपासणी घेतली आणि पहिली तिमाही त्याला येणाऱ्याच गोष्टी शिकवण्यात गेली. तेव्हापासून दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही शीट कागदावर छापतो, खाली तारीख घालतो, मॅडमची सही घेतो आणि फायलीला लावतो. शाळा बदलो, शहर बदलो, फोन पाण्यात पडो, ती फाईल मुलाबरोबर जाते. नातेवाईक हसतात की एवढं डिजिटल करून शेवटी कागदच. हसोत.

दुसरी व्हिडिओची. एका पालकांच्या ग्रुपवर एका मुलाचा जेवतानाचा व्हिडिओ कौतुकाने टाकला गेला. तोंडाला लागलेलं, बिब बांधलेला, बारा वर्षांचा मुलगा. त्याच्या वडिलांनी दुसऱ्या दिवशी ग्रुप सोडला. व्हिडिओ परत घेतला तरी किती फोनांत उतरला असेल कोण जाणे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते, पण कायद्याच्या आधी आपली लाज असावी. आमच्याकडे व्हिडिओत फक्त हात, न्हाणीघरातलं काहीही नाही, मॅडम आणि आम्ही मिळून बघितला की त्याच दिवशी पुसायचा. शीटही तिघांनाच दिसते. आत्याला, मावशीला दिसत नाही, आणि त्या रागावल्या आहेत. आमचा मुलगा मोठा होईल, आणि त्याला या गोष्टी कळत नाहीत असं धरून चालायचा हक्क आम्हाला कुणी दिलेला नाही.

फॉर्मचा कोरा नमुना ज्यांना हवा असेल त्यांच्यासाठी छापून आणला आहे, मराठीत, मदतीच्या सगळ्या पायऱ्यांसकट. स्मार्टफोन नसला तरी वहीत तसाच आखून चालेल; पहिले दोन महिने वहीच बरी, असं आमचं मत. हे कागद दाराशी आमचा मुलगा वाटणार आहे. या तिमाहीचं दुसरं उद्दिष्ट तेच आहे: समोरच्या माणसाला एकच कागद, कुणी न सांगता, देणे. तुम्ही पुढे गेलात की तो कागद हातात धरून थांबेल. बराच वेळ थांबेल. कृपा करून ‘दे’ म्हणू नका, हातातून ओढून घेऊ नका, आणि ‘हं’ तर म्हणूच नका. मागे रांग लागली तरी चालेल. चहा थोडा उशिरा मिळेल.